नीस नावाचं गाव

“आता शेवटचा प्रश्न,” डॉ. कारखानीस म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की हा माणूस उमेदवाराची गंमत करतो, हे सकाळपासूनच्या तीन मुलाखतींत माझ्या लक्षात आलं होतं. “तुम्ही मघापासून तीन वेळा ‘नाइस’ म्हणालात. कविता नाइस, खेड्यातली मुलं नाइस, माझा प्रश्नसुद्धा नाइस. हा शब्द मूळचा कुठला, सांगता येईल?”

समोरच्या खुर्चीतली गिरिजा हलगे हसली. अर्ध्या तासात पहिल्यांदाच हसली. आणि हसताना तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी हातातल्या पेन्सिलीचं टोक तपासू लागलो.

ही गोष्ट परभणीची, जून अठ्ठ्याऐंशीची. आमच्या संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीची एक कायम जागा निघाली होती. मुलाखत घ्यायला आम्ही चौघं बसलो होतो. संस्थेचे सचिव, प्राचार्य, विद्यापीठातून आलेले विषयतज्ज्ञ कारखानीस आणि इंग्रजीचा विभागप्रमुख म्हणून मी, मुकुंद तळणीकर. विभागात मला धरून दोन माणसं होती, त्यामुळे प्रमुख होणं फारसं अवघड नव्हतं. बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं. मी मराठीत सांगतोय इतकंच.

गिरिजा चौथी आणि शेवटची उमेदवार. आधीचे तिघं गाइडं पाठ करून आले होते. ही पोरगी स्वतःच्या डोक्यानं बोलत होती. कारखानीसांनी दोनदा मान डोलावली होती. सचिवांनी शिपायाला बिस्किटं आणायला पिटाळलं होतं, म्हणजे त्यांच्या लेखी निवड झाल्यात जमा होती. मीही माझ्या कागदावर तिला सगळ्यांत जास्त गुण मांडून मोकळा झालो होतो.

ही जागा तिला मिळाली नाही तर काय होणार, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी मला तसं कार्ड पाठवलं होतं. तिच्या शिक्षणापायी त्यांनी तीन स्थळं परतवली होती. चौथं उदगीरचं, किराणा दुकानदाराचं. ते त्यांनी महिनाभर लोंबकळत ठेवलं होतं. ‘नोकरी लागली तर लेकरू आपल्या पायावर उभे राहील. न लागल्यास महिनाअखेर होकार कळवणे भाग आहे,’ असं गोल, सुटसुटीत अक्षरात लिहिलेलं ते कार्ड त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशातच होतं.

तिचे वडील म्हणजे मन्मथअप्पा हलगे. पूर्णेच्या बाजूला एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होते. त्यांची माझी ओळख कशी झाली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि मला लाज वाटते ती नेमकी तेवढाच भाग सांगायची.

तेव्हा मी नांदेडच्या एका दैनिकात दर रविवारी ‘इंग्रजी शब्दांची कुळकथा’ नावाचं सदर लिहायचो. एक शब्द घ्यायचा, तो जन्मला कुठे, कोणत्या देशांतून फिरला, अर्थ कसा बदलत गेला, ते चारशे शब्दांत सांगायचं. आमच्या प्राचार्यांना लेखनबिखन करणारे प्राध्यापक आवडत नसत, म्हणून टोपणनाव घेतलं होतं, ‘कोशकीटक’. हा कोशकीटक म्हणजे मी, हे संपादकांना आणि माझ्या बायकोला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. गुरुवारी मजकूर पाकिटात घालायचा आणि एक वाजताच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा, असा शिरस्ता होता. तिकडे प्रेसचा माणूस स्टँडवर उभाच असे.

हलगे गुरुजी या सदराचे सगळ्यांत मोठे भक्त. ते कात्रणं ठेवत नसत. कात्रण चिकटवलं की माणूस विसरतो, लिहून काढलं की डोक्यात राहतं, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी ते सगळं सदर निळ्या शाईनं वहीत उतरवायचे, सोमवारी शाळेत पोरांना सांगायचे आणि घरी गिरिजाकडून पाठ करून घ्यायचे. मग दैनिकाच्या पत्त्यावर मला कार्ड. ‘गेल्या रविवारचा शब्द वहीत घेतला. पुढचा कोणता?’ संपादकांच्या मागे लागून त्यांनी माझा पत्ता मिळवला आणि एकदा गिरिजाला घेऊन घरी आले. सोबत पिशवीभर सीताफळं.

“हे बघ, हे ते कोशकीटक सर,” त्यांनी लेकीला सांगितलं. “पाया पड.”

“गुरुजी, कॉलेजात कुणाला बोलू नका हं,” मी म्हणालो.

“कामून बोलू? देव कुठं ऱ्हातो ते पुजाऱ्यानं सांगत फिरू नये सर,” गुरुजी म्हणाले आणि मनापासून हसले. गिरिजाही हसली. ती तेव्हा एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होती.

‘नाइस’ हा शब्द त्यांनीच सुचवला होता. ‘लेकरे उठता बसता नाइस म्हणतात, त्याची कुळकथा यावी,’ असं कार्ड आलं. मी रुबाबात सदराच्या शेवटी जाहीर केलं, पुढच्या रविवारी ‘नाइस’. गुरुवारी साडेअकराला ग्रंथालयात गेलो, तर मोठ्या कोशाचा एन अक्षराचा खंड बाइंडिंगला गेलेला. कधी येणार? ग्रंथपाल म्हणाले, पंधरा दिवस तरी धरा. घरच्या छोट्या कोशात अर्थ होते, मूळ नव्हतं. गाडी एकची.

शब्द बदलता आला असता. पण जाहीर करून बसलो होतो ना! ग्रंथालयातल्याच नकाशाच्या पुस्तकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस नावाचं शहर दिसलं. इंग्रजीत लिहिलं की दोन्हींची अक्षरं तीच. माझ्या डोक्यात एकदम गोष्टच उभी राहिली. लंडनच्या धुक्यानं आजारी पडलेले इंग्रज हवा पालटायला नीसला जातात, गाल लाल करून परत येतात, शेजारी विचारतात, कसं काय? आणि ते नुसतं गावाचं नाव घेतात. नीस! त्याचंच पुढे नाइस झालं. एका उमरावाची बायकोसुद्धा मी त्यात घातली, छत्रीसकट. वीस मिनिटांत सदर झालं. पाकीट दिलं तेव्हा कंडक्टर दुहेरी बेल मारतच होता.

त्या सदराला जेवढी पत्रं आली तेवढी आधी कधीच आली नव्हती. गुरुजींनी तर लिहिलं, ‘आजवरची सर्वोत्तम कुळकथा. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.’

पंधरा दिवसांनी खंड आला. नव्या कापडी पुठ्ठ्याचा, खळीचा वास येणारा. मी उभ्याउभ्याच पान काढलं. नाइस. मूळ लॅटिन. अर्थ, न जाणणारा. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख, अडाणी. मग बुजरा, मग चोखंदळ, मग बारीक नजरेचा, आणि बऱ्याच शतकांनी छान. नीस शहराचा कुठे मागमूस नाही. मी खंड मिटून जागेवर ठेवला. पुढच्या रविवारी दुरुस्ती देऊ, असं ठरवलं. पुढच्या रविवारी दुसरा शब्द तयार होता. त्याच्या पुढच्या रविवारी वाटलं, आता कुणाच्या लक्षात आहे? आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या पोरांचंही मनात येई. खरं सांगायचं तर पोरांचं नाही, टाळ्यांचं मनात येई.

तर दीड वर्षानं गिरिजा आमच्यासमोर बसली होती आणि कारखानीसांनी चष्मा काढून ठेवला होता.

“सांगते सर,” ती म्हणाली. “फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीस नावाचं गाव आहे...”

तिनं सगळं सांगितलं. धुकं, आजारी इंग्रज, लाल गाल. वाक्यंही माझीच होती, फक्त इंग्रजीत. उमरावाची बायको छत्री उघडून समुद्राकडे चालत गेली तेव्हा सचिवांनी कौतुकानं ‘वा’ म्हटलं. मी मान वर केली नाही.

 कारखानीस हसायला लागले. चांगले डोळे पुसून हसले.

“छान गोष्ट आहे. फक्त एकही अक्षर खरं नाही. नाइस म्हणजे मुळात अडाणी, बाई. लॅटिनमधला शब्द आहे. कुठल्याही बऱ्या कोशात मिळेल.” मग त्यांचं हसू गेलं. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

गिरिजानं माझ्याकडे पाहिलं.

या वेळी मी मान वर केली होती, त्यामुळे ते पाहणं मला चुकवता आलं नाही. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर अडलं की ती शेजारणीकडे पाहते, तसं ती पाहत होती. मी बोलेन असं तिला वाटत होतं. एक वाक्य पुरलं असतं. ‘सर, ती चूक माझी आहे, मीच छापलंय ते.’ प्राचार्य माझ्यापासून हातभर अंतरावर होते. कारखानीसांच्या हाताखालच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीवर माझं नाव जायचं होतं. मी तिच्या अर्जाचं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती, तरी मी ती वाचत राहिलो.

“कुणी सांगितलं?” कारखानीसांनी पुन्हा विचारलं. “पुस्तकात वाचलंत? कोणत्या?”

“नाही सर,” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. “कुणी नाही. मीच अंदाज केला.”

“अंदाज? छत्रीचाही?”

तिनं टेबलावरची फाइल उचलून मांडीवर घेतली.

ती गेल्यावर बिस्किटं आली. सचिव म्हणाले, “बाकी मुलगी हुशार आहे हो. एक शब्द चुकला तर काय बिघडलं?”

“शब्द चुकला म्हणून मी अडवत नाही,” कारखानीस म्हणाले. “माहीत नाही म्हणाली असती तर मी तिला आज घेतली असती. पण ही मनानं रचून, ठासून खोटं सांगते. उद्या वर्गात साठ पोरं ते खरं मानून वहीत उतरवतील. असा माणूस शिक्षक म्हणून मला नको.” ते माझ्याकडे वळले. “तुमचं काय मत, तळणीकर? तुम्ही विभागाचे.”

“आपलं बरोबर आहे सर,” मी म्हणालो.

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘ज्ञान चांगले, विश्वासार्ह नाही.’ खाली चौघांच्या सह्या झाल्या. माझी तिसरी.

बाहेर आलो तर ती व्हरांड्यात पाण्याच्या माठापाशी उभी होती. मी थांबलो.

“गिरिजा, मी... म्हणजे आत तशी वेळ नव्हती...”

“असू द्या सर.” तिनं फाइल छातीशी घट्ट धरली होती. “फक्त एक करा. अप्पांना सांगू नका. मी विसरले म्हणून सांगते.”

“कशाला? त्यांना खरं कळू दे की.”

“त्यांची वही आहे सर,” ती म्हणाली. “सगळी शाळा शिकवली त्यांनी त्या वहीवर.”

मला अगदी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही हात थांबतो, पण वाटलं तसंच.

पुढच्या रविवारी दुपारी हलगे गुरुजी आले. धोतर, टोपी, काखेत वही. या वेळी पिशवी नव्हती. पाणी दिलं तर दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला.

“सर, मी भांडाया नाही आलो,” ते म्हणाले. “तुमच्या हातात काय ऱ्हातंय, मोठे साहेब आलते. फकस्त इचारायला आलो. नेमकं काय चुकलं लेकराचं?”

“ती काय म्हणाली?”

“एक शब्द इचारला, आन् ऐनवेळी इसरले म्हणती. कोणता म्हणलं तर सांगंना. लई खोदून इचारल्यावर म्हणली, नाइस.” त्यांनी वही उघडली. पान त्यांना शोधावं लागलं नाही. “आता सांगा, हे इसरायचं हाय का? मी सोता घोकून घेतलंय. झोपेतून उठवलं तरी सांगंल. हे बघा.”

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. माझ्या बैठकीत, माझ्या समोर बसून, माझीच थाप ते शाळेच्या सुरात वाचत होते. धुकं आलं. आजारी इंग्रज आले. माझ्या डोक्यामागच्या फळीवर एन अक्षराचा खंड होता. दुरुस्ती लिहायची म्हणून मी तो आठ महिन्यांपूर्वी घरी आणला होता आणि उघडला नव्हता. हात मागे केला असता तर लागला असता.

“...गावाचे नावच मग सुखाचे नाव झाले,” गुरुजींनी शेवटचं वाक्य संपवलं. “किती सोपं हाय. अन् हे इसरली. सर, तुम्ही होता की तिथं. काय झालं तिला?”

आत बायकोनं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. तिला सगळं ठाऊक होतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे पाहू लागली.

“घाबरली असेल, गुरुजी,” मी म्हणालो. “मुलाखतीत होतं असं.”

गुरुजींनी हळूहळू मान हलवली. वही मिटली.

“मंग नाही जमायचं तिला,” ते म्हणाले. “मला वाटलं, तिच्यावर अन्याय-बिन्याय झाला आसंल. तसं आसतं तर मी आनखी दोन वर्सं थांबलो आसतो. पुन्यांदा बसवली आसती. पण चार लोकांम्होरं ज्याच्या डोक्यातलं उडून जातं, त्यानं मास्तरकी करू नये. खरंय का नाही सर?”

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही, पण ते ‘नाही’ नव्हतं.

“उदगीरला होकार कळवतो,” ते उठत म्हणाले. दारातून पुन्हा वळले. “ह्या रविवारचा शब्द लई ग्वाड होता हं. फुडचा कोणता?”

ते गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, “चहासुद्धा न घेता गेले हो ते.” नंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. लग्नाची पत्रिका श्रावणात आली, मी गेलो नाही. दिवाळीला सदर बंद केलं. संपादकांना कळवलं, वेळ होत नाही. गुरुजींची तीन कार्डं आली, का बंद केलं म्हणून. उत्तर दिलं नाही. चौथं आलं नाही. कारखानीसांच्या समितीवर माझं नाव मात्र लागलं. पाच वर्षं होतो मी त्या समितीवर.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, गिरिजा घरी आली. मी ओळखलंच नाही. केस पांढरे, डोळ्यांना जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. तिनं नाव सांगितलं तेव्हा मी दार पूर्ण उघडलं.

“अप्पा गेले, गेल्या महिन्यात,” ती बसल्यावर म्हणाली. “ही तुम्हाला द्यायला सांगितली होती. म्हणाले, ज्यांची आहे त्यांना नेऊन दे.”

तीच वही. पुठ्ठा गेलेला, वर वर्तमानपत्राचं कव्हर.

“तू कसं काय... शिकवतेस कुठे?”

“नाही सर. दुकान बघते. इंग्रजीचं काही राहिलं नाही आता. मालाच्या डब्यांवर असतं तेवढं.” ती सहज म्हणाली. तक्रार करायला आलेली नव्हती.

मी वही उघडली. पान आपोआपच उघडलं, इतकं ते हाताळलेलं होतं. वर ठळक अक्षरात ‘नाइस’. खाली निळ्या शाईत माझं सगळं लिखाण, एकही काना-मात्रा न चुकवता उतरवलेलं. शेवटी ‘कोशकीटक’ आणि खाली दोन रेघा. आणि डाव्या समासात, पोरांच्या वह्या तपासतात त्या लाल शाईनं, गोल सुटसुटीत अक्षरात, ‘गिरिजा येथे चुकली.’ खाली तारीख होती. ते माझ्या घरी येऊन गेले त्या रविवारची.

“हे तू पाहिलंयस?” मी विचारलं.

“लग्नाच्या आधीच पाहिलं होतं. मी माहेरी गेले की अप्पा वही काढायचे. नातवंडांना दाखवायचे. तुमच्या आईचं नशीब या पानावर फिरलं म्हणायचे.”

“आणि तू गप्प राहिलीस? एवढी वर्षं? मग खोडलं का नाहीस?”

“अप्पांचं अक्षर आहे ना सर.”

मी उठलो. काहीतरी बोलायला हवं होतं. तेवीस वर्षं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं होती माझ्याजवळ. “गिरिजा, त्या दिवशी मी जर...”

“माझी गाडी आहे सर, पावणेपाचची,” ती म्हणाली. वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला, पहिल्यांदा लावला होता तसाच, आणि ती निघून गेली.

वही माझ्या टेबलावर आहे. त्या समासातलं तिचं नाव खोडून माझं लिहावं म्हणून मी कितीदा तरी लाल पेन उघडलं. पण लिहून दाखवू कुणाला? ज्यांनी वाचायला हवं होतं, ते ‘गिरिजा येथे चुकली’ हेच खरं मानून गेले.